लिव्हर हातातून सोडायचा नाही

बंदुकीची ओढ मला लागली ती राहुल टॉकीजच्या अंधारात. बाबांना इंग्रजी सिनेमांचं वेड होतं. घोड्यावरच्या माणसांचा सिनेमा लागला की ते मला स्कूटरवर पुढे उभं करून युनिव्हर्सिटी रोडला घेऊन जायचे. संवाद एकही कळायचा नाही. कळायचा तो एक आवाज. रायफलीच्या पोटाखालचं लोखंडी कडं तो माणूस खाली ढकलायचा, वर ओढायचा, खट्-खटक्, आणि बंदूक परत तयार. घरी येऊन मी लाटण्याला आईची बांगडी बांधून तेच करत बसायचे.

त्यानंतर पस्तीसेक वर्षं गेली. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून करायच्या नेमबाजीचं, ब्रॉन्झ मिळालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत पुण्याला टीसी, सराव बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. बाबांचा फोन आला, "बघितलंस का गं? आपल्या पुण्यात तयार झालाय तो." फोन ठेवला आणि त्याच शनिवारी मी घराजवळच्या एका छोट्या शूटिंग क्लबात चौकशीला गेले. तेव्हा मी ४४ वर्षांची होते.

कोच मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी पहिलाच प्रश्न विचारला, "लिव्हर-ॲक्शन रायफल, ती सिनेमातली कडं ओढायची, शिकायला मिळेल का?" त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावलं. ती रायफल म्हणजे अग्निशस्त्र. ते घ्यायचं तर शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, पुणे शहरात तो अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, आणि 'मला आवडते' हे कारण तिथे चालत नाही. एअर रायफलचं तसं नाही. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर, म्हणजे नळीचं भोक, आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असेल तर परवाना लागत नाही. "आणि लिव्हर हवाच असेल," त्या म्हणाल्या, "तर तो आमच्याकडेही आहे." कपाटातून त्यांनी एक जुनी, जड, लाकडी दस्त्याची रायफल काढली. उजव्या अंगाला हातभर लांबीचा लोखंडी दांडा. फाइनवर्कबाऊ ३००, जर्मन बनावटीची साईडलिव्हर. त्या दांड्यावरून हात फिरवला तेव्हाच नाव घालायचं ठरलं.

इथे एक चूक केली ती सांगते, कारण नवीन माणूस हमखास तिथेच फसतो. क्लबची रायफल आठवड्यातून दोनच दिवस वाट्याला येणार म्हणून कुणालाही न विचारता मी कॅम्पातल्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, घ्यायची तर पॉवरवाली घ्या." आधार कार्डाची प्रत देऊन, बारा हजारांच्या आसपास मोजून, वर दुर्बीण बसवलेली ब्रेक बॅरल घेऊन आले. ब्रेक बॅरल म्हणजे नळीच मधून मोडायची, तोच तिचा लिव्हर. तिची स्प्रिंग इतकी कडक की दस्ता मांडीवर टेकवून दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय नळी खाली येईना. दहा शॉटनंतर हात थरथरायचे, आणि थरथरत्या हातांनी कसला नेम धरणार? कागदावर छिद्रं पडायची ती आमटीच्या वाटीएवढ्या गोलात, कुठेही.

ते का होतं हे मला क्लबातल्या काकांनी समजावलं. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. १८६९ पासूनचा तो कारखाना, आणि काकांची उभी नोकरी काडतुसांत गेली. ते म्हणाले, "स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढला की आत एक जड दट्ट्या पुढे धावतो. तो पुढे, म्हणून बंदूक मागे. तो थांबला की बंदूक पुढे. आणि तुझी पेलेट, म्हणजे छर्रा, अजून नळीतच असते! तू घट्ट धरलीस तर एकीकडे जाणार, सैल धरलीस तर दुसरीकडे." पॉवर जितकी जास्त तितका हा हिसका मोठा. जुन्या साईडलिव्हरमध्ये जर्मनांनी त्यावर सुंदर उपाय काढला होता. नळी आणि यंत्र दोन्ही दस्त्यात रुळावर बसवलेले. हिसका बसला की ते सगळं दस्त्यातल्या दस्त्यात मागे सरकतं, खांद्याला काही जाणवतच नाही. दहा मीटरवरच्या कागदाला ताकद लागत नाहीच. लागतो तो सारखेपणा. शिवाय दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची पीप साईट, पुढे गोल कडी, बस्स.

माझी ब्रेक बॅरल सहा महिने कपाटावर पडून होती, मग ओळखीत विकली.

रायफल निवडायची ती अंगावर बेतून, हे त्यानंतर शिकले. मॅडमनी आधी माझा डोळा तपासला. दोन्ही तळहात पुढे धरून मध्ये लहान त्रिकोण करायचा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा जोरकस डोळा. मी उजव्या हाताची, पण घड्याळ राहिलं डाव्या डोळ्यात. एवढी वर्षं मला हे ठाऊकच नव्हतं. डावखुरी रायफल घ्यायची की उजवीच ठेवून डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची, यावर दोन शनिवार गेले. मी पट्टी निवडली, कारण क्लबात डावखुरी रायफल एकच आणि ती एका शाळकरी मुलीची होती. दुसरं माप दस्त्याचं. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खळगीत टेकवला तर बोट चापावर सहज पोचलं पाहिजे. ताणून पोचत असेल तर दस्ता लांब. तिसरं वजन. नियमाप्रमाणे साडेपाच किलोपर्यंत चालतं, आणि जड रायफल कमी डुलते हे खरं. पण ती उचलायची तुम्हाला आहे. पाठ आणि कंबर तयार होईपर्यंत हलकी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भरण्याबद्दल. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला समाधान आहे.

पेलेट म्हणजे शिशाचा डमरू. पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे पातळ घेर. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. कागदासाठीच्या पेलेटचं डोकं सपाट असतं, त्यामुळे कागद फाटत नाही, पंच मारल्यासारखं गोल भोक पडतं आणि गुण मोजता येतात. मागचा घेर इतका नाजूक की नखाने दाबला तरी चेपतो. चेपलेल्या घेरातून हवा निसटते, शॉट खाली जातो. म्हणून डबीत मूठ घालायची नाही, एकेक कंबरेला धरून उचलायची. शिसं असल्यामुळे हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. हा नियम मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितला आणि त्या तो सगळ्यांकडून पाळून घेतात.

साईडलिव्हर भरताना आधी रायफल टेबलावर, तोंड टार्गेटकडे. बोट चापाच्या कड्याबाहेर. उजव्या हाताने लिव्हर बाहेर आणि मग पूर्ण मागे ओढायचा, अडकल्याचा ठोका ऐकू येईपर्यंत. त्याबरोबर आतला सिलिंडर मागे सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. पेलेट डाव्या अंगठ्याने त्या तोंडात बसवायची, डोकं पुढे, काठाशी सपाट. आणि हे सगळं होईपर्यंत उजवा हात लिव्हरवरून हलवायचा नाही. अडकवणी झिजली असेल आणि ती सुटली, तर पूर्ण ताणलेल्या स्प्रिंगच्या जोराने सिलिंडर पुढे येतो, आणि मध्ये असतो तुमचा अंगठा. काकांनी मला पहिले दोन दिवस पेलेटशिवाय, नुसता लिव्हर ओढून धरायला लावला. "यंत्रावर विश्वास ठेव, पण हात ठेवून," ते म्हणायचे.

सिनेमातल्या त्या रायफलीबद्दलही काकांनीच सांगितलं, एकदा चहाच्या वेळी, टेबलावर पेन्सिली एकामागे एक मांडून. तिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत ओळीने झोपलेली असतात. १८६०च्या हेन्री रायफलीत ती पुढच्या टोकाकडून भरावी लागत. १८६६च्या विंचेस्टरमध्ये उजव्या बाजूला स्प्रिंगची झडप आली, अंगठ्याने काडतूस आत ढकलायचं, झडप आपोआप बंद. १८७३च्या प्रसिद्ध मॉडेललाही तीच सोय. कडं खाली ढकललं की रिकामं काडतूस बाहेर, घोडा ताणलेला, नवीन काडतूस वर. कडं वर ओढलं की ते नळीत. माझा तो खट्-खटक् आवाज म्हणजे एवढी सगळी कामं होती! मग काकांनी पेन्सिलीचं टोक पुढच्या पेन्सिलीच्या बुडावर टेकवलं. "मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या स्फोटक टोपीवर टेकतं. म्हणून या रायफलीत सपाट नाकाची गोळी घालतात. टोकदार घातली आणि धक्का बसला, तर आतल्या आत टोपी उडू शकते." सपाट डोकं आमच्या पेलेटलाही आणि त्या गोळीलाही, कारणं मात्र अगदी वेगळी. त्या दिवशी मी हे वहीत चित्र काढून लिहून ठेवलं.

चार महिन्यांनी मॅडमनी मला पीसीपीवर, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेल्या रायफलीवर, घेतलं. हिच्यात स्प्रिंग नसते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबलेली हवा, लिव्हर बोटभर, एका बोटाने उघडतो. अंगठ्याला धोका नाही. माझी सगळ्यात मोठी चूक याच सोप्या लिव्हरवर झाली. पेलेट ठेवली, लिव्हर बंद केला, तेवढ्यात शेजारच्या लेनमधल्या मुलीचा कागद अडकला म्हणून मी तिच्याकडे बघितलं. परत वळले, लिव्हर उघडला, जागा रिकामी दिसली. पीसीपीत लिव्हर बंद करताना पेलेट नळीत ढकलली जाते, त्यामुळे भरलेली असली तरी जागा रिकामीच दिसते. मी दुसरी घातली. शॉटचा आवाज दबका आला आणि भोक पडलं काळ्या गोलाच्या बरंच खाली. मॅडम हॉलच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी फक्त आवाजावरून ओळखलं. "दोन गेल्या," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना रायफली खाली ठेवायला लावून माझी नळी तपासली. मला खूप वाईट वाटलं, कारण हॉलमध्ये शाळेतली मुलं होती.

तेव्हापासून मी डबीतून दहा पेलेट मोजून एका लहान ताटलीत काढते. शॉट आणि ताटली यांचा हिशोब जुळलाच पाहिजे. शंका आली तर लिव्हरला हात लावायचा नाही, रायफल टार्गेटकडे ठेवून हात वर करायचा. आणि नेमबाजी थांबली की नळीतून भडक रंगाची सेफ्टी फ्लॅगची दोरी आरपार घालायची, म्हणजे कुणालाही लांबून कळतं की आत काही नाही.

या वर्षी बालेवाडीला एक स्पर्धा बघायला गेले, म्हाळुंग्याच्या बाजूने, बाबांना घेऊन. ६० शॉट, ७५ मिनिटं. दहा गुणांचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं, पेलेट साडेचारची. बायकांना २०१७ पर्यंत ४०च शॉट असायचे, २०१८ पासून पुरुषांइतकेच ६० झाले. याचा मला मनापासून आनंद आहे. तिथल्या मुलींचे हात मी बघत राहिले. लिव्हर, पेलेट, लिव्हर, श्वास. एकीचीही घाई नव्हती.

परतताना बाबा म्हणाले, मला तुझी ती जुनी जर्मन बघायचीय. काकांना विचारून पुढच्या शनिवारी त्यांना क्लबात नेलं. ७६व्या वर्षी त्यांनी लिव्हर एकाच दमात मागे ओढला, ठोका आला, आणि त्यांचा चेहरा राहुलच्या पडद्यासमोर असायचा तसा झाला. डाव्या अंगठ्याने त्यांनी पेलेट बसवायला घेतली. ती दोनदा घरंगळली. उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

"आता सोडू का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आधी पेलेट बसू दे, अंगठा बाहेर काढा, मग हातानेच लिव्हर पुढे न्या."

तिसऱ्यांदा ती बसली.