एब्रोच्या खारेपाटात सायकलवर

बार्सिलोनाला येऊन तीन वर्षं झाली पण माझी इथली सगळ्यात आवडती जागा बार्सिलोनात नाहीच, ती दक्षिणेला ट्रेनने दोन-अडीच तासांवर आहे, एब्रो नदी जिथे समुद्राला मिळते तिथे. नदीने हजारो वर्षं गाळ आणून टाकला आणि समुद्रात बाणाच्या टोकासारखी जमीन तयार झाली, साधारण 320 चौरस किलोमीटर, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जमिनीवर भातशेती. हो, भात! स्पेनमध्ये येऊन भाताच्या खाचरांतून सायकल चालवीन असं मला कोणी पेणला असताना सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मे महिन्याच्या शेवटी गेले होते. पहिल्या ट्रेनमध्ये सायकल टाकली आणि लाल्देआ नावाच्या छोट्या स्टेशनला उतरले. सुरुवातीला थोडा वेळ मोठा रस्ता, संत्र्यांच्या बागा, ट्रक वगैरे आहेत, पण एकदा शेतातल्या रस्त्याला वळलं की एकदम सगळं थांबतं. रस्ता म्हणजे जेमतेम एक गाडी जाईल एवढा डांबरी पट्टा, एका बाजूला सिमेंटचा पाट, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेलं खाचर, आणि असाच रस्ता, पाट, खाचर, रस्ता, पाट, खाचर, पार क्षितिजापर्यंत. पहिल्या तासात मला फक्त एक ट्रॅक्टर आणि दोन गाड्या भेटल्या. इकडे सायकलवाल्याला ओलांडताना गाडीने किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, त्या दोन्ही गाड्या तर माझ्या मागे मागे हळू येत राहिल्या आणि जागा मिळाल्यावरच पुढे गेल्या.

गाड्या नसल्या की काय काय ऐकू येतं हे मी विसरूनच गेले होते. पाटाच्या फळीवरून खाली पडणारं पाणी, बेडूक, शेकाट्या पक्ष्यांची ती न थांबणारी किक्‌ किक्‌, आणि मधेच वाऱ्याची एक झुळूक आली की पाण्यावर आलेली भाताची कोवळी पाती एकाच दिशेला वाकताना होणारा बारीकसा आवाज. इथे एप्रिलमध्ये पाणी सोडतात आणि बी थेट पाण्यात फेकतात, रोपांसाठी राब नाही, आवणी म्हणजे रोपांची लावणी नाही. पूर्वी हातानेच लावायचे, आता ते फक्त जूनमधल्या सणाला गावातली माणसं चिखलात उतरून करून दाखवतात. मला ते ऐकून कसंतरीच झालं, कारण आमच्याकडे आई आणि काकी अजून दरवर्षी पाठ मोडेपर्यंत आवणी करतात.

रस्त्यात एका ठिकाणी थांबावंच लागलं. शेवंडीसारखा दिसणारा एक लालभडक प्राणी मधोमध उभा राहून नांग्या उगारून मला अडवत होता, हा अमेरिकेतून आलेला गोड्या पाण्यातला. त्याला पलीकडे जाऊ दिलं तेवढ्यात पाटाच्या भिंतीवर गुलाबी दाण्यांचे घोस चिकटलेले दिसले. फार सुंदर रंग, मी फोटो काढत बसले. तिथे फळ्या लावून पाणी अडवत असलेले एक आजोबा जवळ आले आणि म्हणाले की ती गोगलगायीची अंडी आहेत, कोवळा भात खाऊन टाकते ती. दक्षिण अमेरिकेतली ही गोगलगाय 2009 मध्ये या भागात पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून पाठ सोडत नाहीये. तिला मारायला काही वेळा शेतांत चक्क समुद्राचं पाणी भरलं गेलं. मी दोनदा विचारून खात्री केली. खारं पाणी, मुद्दाम, भाताच्या शेतात!

हे मला का एवढं लागलं ते खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या माणसालाच कळेल. आमचं शेत पेणच्या खाडीकाठी आहे, बांधाच्या आत. उधाणाला बांधाला खांड पडली आणि खाडी आत शिरली की ते शेत पुढची दोन-तीन वर्षं गेलं समजायचं. बांधात उघाडी असते, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, आणि जमिनीतला खार धुऊन काढायचं काम पाऊस करतो. इथे पाऊस कमी, म्हणून ते काम नदी करते. आजोबांनी मला चिखलावर काठीने रेघा ओढून दाखवलं, वर नदीचं गोडं पाणी, खाली खारं, वरचं पाणी थांबलं की खालचं वर येतं. म्हणजे भात पिकवतात म्हणून ही जमीन गोडी राहते. मी त्यांना फोनवर आमच्या उघाडीचा फोटो दाखवला, त्यांनी तो मोठा करून करून पाहिला आणि लाकूड कुठलं आहे ते विचारलं.

तिथून देल्तेब्रे गावातून नदी ओलांडली. हा पूल 2010 चा, त्याआधी इथे तराफ्यासारख्या फेरीबोटीवर गाड्या चढवून पलीकडे न्यायचे. पुढे पोब्लेनौ, 1950 च्या दशकात वसवलेलं पांढऱ्या बुटक्या घरांचं गाव, तिथे बदक घालून केलेला भात खाल्ला. बोंबा नावाचा आखूड गोल तांदूळ असतो, भरपूर रस पितो पण फुटत नाही, आंबेमोहोरासारखा मऊ होत नाही, आणि खरं सांगायचं तर मला आपला मऊच आवडतो, पण त्या दिवशी भूक अशी होती की ताट चाटूनपुसून साफ केलं.

जेवणानंतर तांकादा तळं. रोहित पक्षी! ठाण्याच्या खाडीत दोन्ही जाती येतात, इथे मोठ्या जातीचे आहेत, आणि इथे ते नुसते येत नाहीत, मिठागरांजवळ पिल्लंही काढतात. सायकल आडवी ठेवून मी तासभर तिथेच बसले. मोर शराटी तर आपल्याकडच्या गायबगळ्यांसारख्या खाचरांत फिरत होत्या. गाडीतून उतरलेलं एक कुटुंब आलं तसे जवळचे पक्षी लांब सरकले, सायकलवरून गेलं तर तितकं बिचकत नाहीत असं मला दिवसभर वाटलं.

आणि मग त्राबुकादोर. ही सहाएक किलोमीटर लांब वाळूची पट्टी, एका हाताला मोकळा समुद्र, दुसऱ्या हाताला शांत उपसागर आणि त्यात शिंपल्यांची शेती, मधे तुम्ही आणि तुमची सायकल. जानेवारी 2020 च्या ग्लोरिया वादळात ही पट्टी तुटली होती, समुद्र 3 किलोमीटर आत शेतात गेला होता. वादळ हे एक कारण झालं, खरं दुखणं नदीच्या वरच्या अंगाला आहे. 1960 च्या दशकात नदीवर मेकिनेन्सा आणि रिबा-रोखाची मोठी धरणं झाली आणि गाळ तिथेच अडकला. नवीन गाळ येत नाही, जुनी जमीन हळूहळू खचतेय आणि समुद्र वर येतोय. वाळूत उभी राहून मागे बघितलं तर ती सगळी हिरवी जमीन पाण्याच्या किती जवळ आहे ते दिसतं, पोटात खड्डा पडतो. आमच्याकडे निदान बांध दिसतो तरी. इथली माणसं गाळ खाली सोडा म्हणून कित्येक वर्षं मागणी करतायत आणि मला वाटतं ती ताबडतोब मान्य व्हायला हवी, वाट बघण्याइतकी उंचीच या जमिनीकडे नाहीये.

परतताना मेस्त्राल सुरू झाला. हा वायव्येचा वारा नदीच्या खोऱ्यातून खाली उतरतो आणि स्टेशन नेमकं वायव्येलाच. रस्ता सपाट, आडोशाला झाड नाही, समोर मोंत्सियाचा डोंगर तिथल्या तिथे, आणि सगळ्यात हलक्या गिअरवर माझा वेग चालणाऱ्या माणसाएवढा. सकाळी जे अंतर पाऊण तासात आले ते कापायला दोन तास लागले, संध्याकाळी डासही आले, शेवटची ट्रेन मिळाली एवढंच. तुम्ही कधी आलात तर आधी वाऱ्याचा अंदाज बघा आणि जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. आणि ऑगस्टमध्ये नका येऊ, तेव्हा समुद्राकडच्या रस्त्यांवर गाड्या असतात.

ट्रेनमधून बाबांना व्हिडिओ पाठवले. तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती, तरी त्यांचा फोन आला. रोहित पक्ष्यांबद्दल काही बोलले नाहीत. पाणी कोण सोडतं, पाळी असते का, पाटाला भाडं किती, हेच विचारत राहिले, आणि मला त्यातलं निम्मंही सांगता आलं नाही. सप्टेंबरमध्ये कापणीला परत जाणार आहे, तेव्हा प्रश्न लिहून नेईन. लोंबीचा फोटो जवळून काढ, असं त्यांनी दोनदा बजावलंय.