पांढरा डाग म्हणजे कोडच नव्हे

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या पाठीवर फिकट ठिपके उमटले आणि घरातील वडीलधाऱ्यांनी, माशांवर दूध प्यायल्याचा दोष काढत, ते कोड असल्याचे ठरवूनच टाकले. वास्तविक ती शिबे होती. त्वचेवर एरवीही वास करणारी मॅलॅसेझिया ही बुरशी दमट हवेत आणि घामात फोफावते, आणि असा डाग नखाने हलकेच खरवडला की बारीक कोंडा निघतो. कोडाचा डाग मात्र गुळगुळीत, दुधासारखा पांढराशुभ्र असतो, कधी त्यावरचे केसही पांढरे होतात. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होणारा हा विकार स्पर्शाने पसरत नाही (आणि बिचाऱ्या माशांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही).

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या डागाची. जो फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नाही, दुखत नाही आणि ज्यावर कापूस फिरवला तरी जाणवत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. दुखत नाही म्हणूनच माणसे तो महिनोन् महिने अंगावर काढतात. त्यावरील औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात आणि प्रकारानुसार ६ ते १२ महिने घ्यावी लागतात.

पुतण्याची बुरशी मलमाने गेली. त्वचेचा रंग पूर्ववत व्हायला मात्र दिवाळी उलटली.