पहिल्या नंबरचं गाणं

वसईतल्या एका लग्नात बँडने 'रिलीज मी' सुरू केलं आणि नवरा-नवरीसकट सगळा मांडव डोलायला लागला. गाण्याचा अर्थ काय, तर बाई गं, मला मोकळं कर, माझं आता दुसरीवर प्रेम आहे. चर्चमधून येऊन तासही झाला नव्हता! मी शेजारच्या काकांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले. "शब्द कोण ऐकतो रे, चाल बघ," म्हणाले.

याच चालीने १९६७ साली बीटल्स या ब्रिटिश बँडची वाट अडवली होती. १९६३पासून ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत त्यांच्या ओळीने ११ रेकॉर्डी पहिल्या आलेल्या. फेब्रुवारीत त्यांनी एकाच तबकडीच्या एका बाजूला 'पेनी लेन' आणि दुसऱ्या बाजूला 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' दिलं. यापेक्षा भारी तबकडी त्या दशकात निघाली असेल असं मला वाटत नाही. ती अडकली दुसऱ्या नंबरवर. वर 'रिलीज मी' सहा आठवडे मांडी ठोकून बसलेलं.

गायक एंगलबर्ट हम्परडिंक. नाव एका जर्मन संगीतकाराचं, मॅनेजरने उसनं आणलेलं. माणूस मद्रासला जन्मलेला, आर्नल्ड जॉर्ज डॉर्सी, लहानपणीच लेस्टरला गेलेला. गंमत म्हणजे तो मॅनेजर, गॉर्डन मिल्स, त्याचाही जन्म मद्रासचाच. टीव्हीवरच्या लंडन पॅलेडियमच्या कार्यक्रमात ठरलेला गायक आजारी पडला, बदली म्हणून हा उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानांत रांगा. गाणंसुद्धा नवं नव्हतं, अमेरिकेत आधीच गाजून गेलेलं. लांब केसांच्या पोरांचं ते वर्ष असं आपण म्हणतो खरं, पण त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेली सिंगल ही होती. पोरांच्या आयांनीही पाकिटं उघडली असणार!

आता ही यादी म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या संगीताच्या साप्ताहिकाने नोव्हेंबर १९५२मध्ये ती सुरू केली तेव्हा वीसेक दुकानांना फोन फिरवून काय खपलं ते विचारलं, झाली यादी. त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, पण गाण्यांना पायऱ्या लावायची हौस तिथे जरा उशिराच जागी झाली. १९६७मध्ये तर ब्रिटनमध्ये एकाहून जास्त याद्या होत्या. 'मेलडी मेकर'च्या यादीत बीटल्सच पहिले होते. तेव्हा कोण हरलं हे तुम्ही कुठला पेपर घेता त्यावर.

उन्हाळ्यात बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम आला. त्यात त्यांच्यातल्याच जॉर्ज हॅरिसनच्या एका गाण्यात तबला, दिलरुबा, तानपुरा. वाजवणारे लंडनमधले भारतीय. कव्हरवर ओळखीच्या चेहऱ्यांची ही गर्दी, पण या वादकांची नावं कुठेच नाहीत. ती उजेडात आली ५० वर्षांनी, २०१७मध्ये. त्यातले एक दिलरुबावादक अण्णा जोशी. नाव वाचल्यावर मला ते थेट सदाशिव पेठेतल्या जिन्यावरून हाक मारल्यासारखंच ऐकू आलं.

पुढे ऑगस्टात समुद्रातल्या बोटींवरून चालणाऱ्या चोरट्या रेडिओंवर कायद्याने गदा आली आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन काढला. पोरांना आवडणारी गाणी सरकारमान्य झाली. हेही त्याच वर्षी.

वसईत जेवणं उरकत आली तसं सॅक्सोफोनवाल्याने रुमालाने तोंड पुसलं आणि 'द लास्ट वॉल्ट्झ' काढलं. तेही हम्परडिंकचं, तेही १९६७चं, तेही पाच आठवडे पहिल्या नंबरवर. बीटल्सचं काही वाजवा म्हणावं म्हणून मी उठलो. काका तोवर काकूंना घेऊन मधोमध पोचले होते, आणि बँडपर्यंत जायला वाटच उरली नव्हती.