गळाला लागला की गळात अडकला? रशियन रिव्हरवरचे तीन दिवस

अलास्कातल्या रशियन रिव्हर नदीवर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी पाच सॉकाय साल्मन (समुद्रातून नदीत चढणारा मासा) काठापर्यंत आणले आणि पाचही सोडून दिले. दोघांना गरी (गळाचा आकडा) पाठीच्या परात, म्हणजे पंखात, लागली होती, एकाला पोटात, एकाला शेपटीच्या बुंध्याशी आणि पाचव्याला कल्ल्याच्या बाहेर, गालावर. अलास्कात गोड्या पाण्यात तोंड सोडून दुसरीकडे कुठेही गरी लागली, की मासा लगेच सोडायचा असा नियम आहे. शेपटीत अडकलेला सॉकाय प्रवाहाच्या दिशेने सुटला की मनगट पिळवटून निघतं, आणि एवढं करून हातात काहीच नाही. शेजारी उभ्या पुतण्याचे तोवर दोन मासे दोरीत ओवून झाले होते.

"काका, हिसके मारू नका. आणि त्याला चावायला लावायच्या फंदातही पडू नका. हा मासा चावत नाही."

"मग तुझे दोन कुठून आले?"

"त्यांच्या तोंडातून दोरी गेली."

मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय.

आम्ही गेलो ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पुतण्या अँकरेजला राहतो. तिथून कूपर लँडिंग हे गाव साधारण 160 किलोमीटर, आधी सिवर्ड हायवे आणि मग स्टर्लिंग हायवे. गाडीने सव्वादोन-अडीच तास धरा. टर्नअगेन आर्म या खाडीच्या कडेने जाताना थांबत गेलात तर चार. रशियन रिव्हर इथे केनाई नदीला मिळते. केनाई हिमनदीच्या पाण्याची, निळसर-हिरवी आणि गढूळ. रशियन आरपार दिसणारी. संगमापाशी केनाई ओलांडायला एक तराफा आहे, तारेला बांधलेला, आणि तो नदीच्या ओढीवरच पलीकडे जातो. गर्दीच्या दिवसांत त्यालाही रांग असते. सॉकायच्या इथे दोन चढणी (समुद्रातून नदीत वर येणं) होतात: पहिली जूनमध्ये (मासेमारी 11 जूनला उघडते), दुसरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. निघण्याआधी अलास्का फिश अँड गेम खात्याची रोजची मोजणी बघा. केनाईत मुखापासून 19 मैलांवर सोनार यंत्राने (ध्वनिलहरींनी) मासे मोजतात आणि रशियनवर वर तळ्याच्या तोंडाशी बांध घालून. सोनारचा आकडा उसळला की पुढे काही दिवसांनी मासा संगमावर येतो. आम्ही हे न बघता सुट्टी टाकली होती; नशीब बरं म्हणून मासा होता.

आता मूळ प्रश्न: हा मासा गळाला चावतो, की नुसता अडकतो? चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो, जेवायला नाही. साल्मन नदीत शिरला की खाणं सोडतो, त्याचं जठर आक्रसतं, आणि समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो उरलेला प्रवास करतो. पुतण्याने साफ केलेल्या माशांची पोटं मी मुद्दाम चिरून पाहिली. सुरकुतलेली, रिकामी. सॉकायच्या बाबतीत गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते, कारण समुद्रातही त्याचं मुख्य अन्न म्हणजे तरंगते बारीक जीव, आणि ते गाळून घ्यायला त्याच्या कल्ल्यांत कंगव्यासारखे दाट दात असतात. मोठ्या माशीचा पाठलाग करणं हा मुळात त्याचा धंदाच नाही.

पण म्हणून 'सॉकाय कधीच चावत नाही' असंही ठोकून देता येत नाही. सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये, जेव्हा तिथली मासेमारी उघडी असायची तेव्हा, लोक होडीमागून नुसत्या रंगीत गऱ्या, आमिषाशिवाय, हळूहळू ओढायचे आणि सॉकाय त्या तोंडात घ्यायचे. त्याचाच तळ्यात अडकलेला भाऊबंद कोकनी तर आमिषावर सर्रास येतो. म्हणजे तोंड उघडायची खोड शिल्लक असते. प्रश्न वाहत्या नदीतला आहे.

त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. संगमावर खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी, म्हणून आम्ही रशियनच्या काठाने थोडं वर चालत गेलो. पोलराइज्ड चष्मा लावून मी गुडघाभर पाण्यात नुसता उभा राहिलो आणि पुतण्याला गळ टाकायला लावला. माझ्यापासून दोन हातांवर सात-आठ मासे प्रवाहाकडे तोंड करून एका रांगेत थोपलेले. गरीवर लाल-पांढरे केस बांधून केलेली नकली माशी (फ्लाय) त्यांच्या नाकासमोरून गेली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा ती एकाच्या गालाला घासली, तर तो वितभर बाजूला सरकला आणि परत जागेवर आला. बाकी सगळे फक्त तोंड उघडत-मिटत होते, श्वासासाठी, एका लयीत. चौथ्या की पाचव्या फेरीला दोरीला बांधलेलं शिसं तळाच्या गोट्यांवर टकटक करत पुढे गेलं, मागची दोरी आडवी तरंगत आली, आणि एका माशाच्या उघड्या तोंडात ती शिरताना मला स्पष्ट दिसली. माशी त्या माशाच्या पलीकडे हातभर लांब होती! दोरी तोंडातून सरकत गेली, माशी ओढली जात जबड्याच्या पलीकडच्या कोपऱ्याशी आली, पुतण्याने रॉड आडवा खेचला, आणि पाणी फुटलं.

मासा बाहेर आल्यावर आम्ही गरी काढण्याआधी नीट पाहिलं. गरी जबड्याच्या सांध्याला, नदीच्या बाजूने, टोक बाहेरून आत. मासा खरंच चावला असता तर गरी तोंडाच्या आत असती आणि टोक आतून बाहेर आलं असतं. तुम्ही गेलात तर एवढं एकच करा: प्रत्येक माशाच्या तोंडात टोकाची दिशा बघा. मी तीन दिवस वहीत लिहीत होतो. तोंडात लागलेले नऊ मासे माझ्या नोंदीत आहेत. आठांना बाहेरून आत. नवव्याबद्दल शेवटी सांगतो.

इंग्रजीत याला फ्लॉसिंग म्हणतात, दातांतून दोरा फिरवतात तसं. कायद्याला मात्र माशाच्या मनात काय होतं याच्याशी देणंघेणं नाही. गरी तोंडात असेल तर मासा तुमचा, बाहेर असेल तर सोडा, बस. मला आधी हे ढोंग वाटलं. गंमत म्हणजे त्याच अलास्कात खाऱ्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी मासा मुद्दाम अंगात गरी रुतवून धरणं कायदेशीर आहे. पण नियम वाचत गेलो तसं लक्षात आलं की नदीवरचा जवळजवळ प्रत्येक नियम या अडकवण्यालाच आवर घालायला केलेला आहे. रशियनच्या फक्त-फ्लाय (फक्त नकली माशी वापरायच्या) पट्ट्यात गरी एकेरीच हवी, टोक आणि दांडा यांतलं अंतर जास्तीत जास्त 3/8 इंच, आणि शिसं माशीपासून किमान 18 इंच वर. केनाईत ट्राउट माशासाठी अंड्यासारखा मणी वापरता, तर तो गरीपासून 2 इंचांच्या आत हवा किंवा दोरीवर मोकळा सरकता हवा. कारण मणी दूर बांधला की मासा मणी तोंडात घेतो आणि गरी बाहेरून गालात बसते.

म्हणजे करायचं काय? माश्यांवर, म्हणजे गळाच्या नकली माश्यांवर, पैसे उधळू नका. दुकानदार दहा रंग दाखवेल. चार साध्या रशियन रिव्हर फ्लाय पुरे, त्या दगडांत अडकून जाणारच आहेत. लक्ष द्यायचं ते शिशावर. सेकंदाला एकदा तळाला टेकून टक वाजेल इतकंच शिसं. सतत खरवडत असेल तर जास्त झालं, काहीच जाणवत नसेल तर कमी. गळ फार लांब फेकू नका. सॉकाय जोराची धार टाळून काठालगत चढतो, त्यामुळे छातीभर पाण्यात उतरलात तर तुम्ही माशांच्या वाटेवरच उभे आहात. पहिल्या दिवशी मी नेमकं तेच केलं. फेरी संपताना सगळे हिसका मारतात. माझे पाठीत-पोटात लागलेले मासे त्या हिसक्याचेच. टकटक थांबली किंवा दोरी जड झाली, तरच रॉड खाली ठेवून आडवा, सरळ ओढा. साताठ नंबरचा फ्लाय रॉड चालतो, आणि फक्त-फ्लाय पट्ट्यात साधा स्पिनिंग रॉडही चालतो, बंधन माशीवर आहे.

मासा उडी मारताना परात लागल्याचं दिसलं तर त्याला दमवत बसू नका. दोरी ताणून तोडा किंवा झटपट काठाशी आणून, पाण्यातच ठेवून, लांब चिमट्याने गरी काढा. त्याला अजून वर जाऊन अंडी घालायची आहेत. आणि चष्म्याशिवाय उभे राहू नका. गरी निसटली की शिसं गोफणगुंड्यासारखं परत येतं. माझ्या टोपीला बसलं तेव्हा कळलं.

मर्यादा आम्ही होतो तेव्हा दिवसाला तीन मासे. ती हंगामात मध्येच बदलते, संगमावरचा काही भाग ठरावीक तारखेपर्यंत बंदही असतो, तेव्हा फलक वाचा. किंग साल्मनसाठी परवान्यावर वेगळा शिक्का लागतो, सॉकायला नाही. चंदेरी मासा ठेवा, लाल अंग आणि हिरवं डोकं झालेला सोडा, त्याच्या मांसात काही राम उरलेला नसतो. धरल्या धरल्या कल्ले कापून रक्त जाऊ द्या, मग बर्फ.

अस्वलांबद्दल नीट ऐका. सॅक आणि मासे हाताच्या अंतरावर, काठावर वीस पावलं मागे नाही. गळाला मासा असताना अस्वल आलं तर दोरी कापा आणि मागे सरा. साफ केलेल्या माशाचे सांगाडे अख्खे टाकायचे नाहीत, बारीक तुकडे करून जोराच्या धारेत फेकायचे, नाहीतर मासा अख्खाच घरी न्यायचा. आमच्याच समोर एक अस्वल मादी दोन पिलांसह पलीकडच्या काठावरून गेली. साठेक माणसं एकदम गप्प झाली, आणि ती वळणाआड गेल्यावर पुन्हा 'फिश ऑन!' सुरू.

खरं चावणंच अनुभवायचं असेल तर सॉकाय सोडा आणि ऑगस्टनंतर कोहो साल्मनसाठी या. तोही नदीत खात नाही, पण फिरत्या चमच्यावर (धातूचं चकाकतं नकली आमिष) रागाने की जुन्या सवयीने, कशानेही असो, झडप घालतो आणि दोरीवर धक्का असा येतो की शंका राहत नाही. किंवा सॉकाय अंडी घालू लागले की त्यांच्यामागे थांबलेले रेनबो ट्राउट गरवा. ते वाहून येणारी गाभोळी खरोखर खात असतात.

राहिला नववा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेनऊला, लख्ख उजेडात, शेवटची फेरी म्हणून टाकली. ओढ जाणवली ती टकटक चालू असतानाच. मासा काठावर आला, तोंड उघडलं, तर माशी जिभेवर. टोक आतून वर टाळूत.

"हा चावला," पुतण्या म्हणाला.

"अरे, तोंड उघडं होतं, माशी आत गेली."

"मग मिटलं कोणी?"

परतीच्या वाटेवरचं गिर्डवूड येईपर्यंत गाडीत यावरच वाद चालला होता.