बर्जरचा आजार आणि कमरेतला ब्लॉक

विडी-सिगारेटच्या व्यसनातून जडणाऱ्या बर्जरच्या आजारात, ज्याचे सविस्तर वर्णन लिओ बर्जर यांनी 1908 साली न्यूयॉर्कमध्ये केले, हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद होत जातात आणि ऐन तारुण्यातल्या माणसाची बोटे काळी पडू लागतात. बायपास करावा, तर रक्त नेऊन सोडायला पुढे चांगली धमनीच बहुधा उरलेली नसते. अशा वेळी सिंपथेटिक नसांच्या (म्हणजे आपल्या नकळत काम करणाऱ्या मज्जातंतूंच्या) ब्लॉकचा, म्हणजे त्या औषधाने बंद पाडण्याचा, विचार होतो, कारण याच नसा त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून धरतात. रुग्णाला पालथे झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, लांब सुई कमरेच्या मणक्याच्या पुढच्या कडेपर्यंत नेतात आणि जागेची खात्री झाल्यावर बधिर करणारे औषध सोडतात. थोड्याच वेळात थंडगार तळवा कोमट होतो, आणि कोरडाही, कारण घामही याच नसा आणतात. परिणाम टिकवायचा असल्यास फिनॉल हे नसा निकामी करणारे रसायन वापरतात किंवा शस्त्रक्रियेने या मज्जातंतूंच्या पेशींचे पुंजकेच काढतात.

मला कळकळीने सांगावेसे वाटते की बंद धमनी याने उघडत नाही. चालताना पोटरीत येणारे गोळे बहुधा तसेच राहतात. आराम पडला तर तो रात्रीच्या ठणक्याला आणि बोटांवरच्या छोट्या जखमांना, तोही सर्वांना नाही. विडी सुटली नाही, तर आजार या ब्लॉकनंतरही पुढे सरकतच राहतो.