बेलग्रेडमध्ये रेगे ऐकायला जाताना

सर्बियाची राजधानी बेलग्रेडला रेगे हे मूळचे जमैकाचे संगीत ऐकण्यासाठी जाणार असाल तर उन्हाळा टाळावा, हा सल्ला सुरुवातीलाच देतो. आपल्याकडून युरोपला जाणारा माणूस बहुधा मे ते ऑगस्ट एवढाच काळ डोळ्यांपुढे ठेवतो. पण त्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थी गावी गेलेले असतात, तळघरांतले क्लब बंद तरी असतात किंवा ओस पडलेले असतात आणि बँड महोत्सवांत नाहीतर मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांत गुंतलेले असतात. मी नोव्हेंबरात गेलो आणि ते योग्यच ठरले. गोव्यात सनस्प्लॅश महोत्सव अनुभवलेल्यांना रेगे म्हटले की समुद्र, वाळू आणि मोकळे आकाश आठवते, पण सर्बियातला रेगे बंद खोलीत, थंडीत आणि टंचाईत वाढला आहे. त्यामुळे तो तशाच खोलीत ऐकावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

या संगीताची पाळेमुळे शोधताना मी आधी सर्बियाच्या संसद भवनासमोर जाऊन उभा राहिलो. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ च्या सप्टेंबरमध्ये याच वास्तूत भरली होती. त्या परिषदेला पंडित नेहरू आले होते आणि इथिओपियाचे सम्राट हैले सेलासीही आले होते. रेगेशी घट्ट जोडलेल्या जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे लोक ज्यांना ईश्वराचा अवतार मानतात तेच हे सम्राट. परिषदेमुळे युगोस्लाव्हियात (सर्बिया तेव्हा त्याचाच भाग होता) रेगे आला असे मुळीच नाही, कारण रेगे हे नावसुद्धा त्या वेळी रूढ झालेले नव्हते. तरीही ज्या देशाचे आफ्रिकेशी आणि आशियाशी एवढे जवळचे नाते होते, तिथल्या पोरांना पुढे जमैकाचे संगीत अगदीच परके वाटले नसावे, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

प्रत्यक्ष सूर मात्र लंडनच्या पंक आणि न्यू वेव्ह (नवी लाट) या रॉक संगीताच्या प्रकारांच्या वाटेने आले. १९८१ च्या सुमारास बेलग्रेडच्या नव्या लाटेतला ‘शार्लो अक्रोबाता’ हा त्रिकुटाचा बँड आपल्या तुटक, आक्रमक वादनात रेगे आणि डब, म्हणजे प्रतिध्वनी आणि ध्वनिमिश्रणावर उभा असलेला रेगेचाच प्रकार, यांचे तुकडे मिसळत होता. पण तो मसाला झाला, जेवण नव्हे. संपूर्णपणे रेगेला वाहून घेतलेला बँड म्हणजे १९८६ मध्ये बेलग्रेडमध्ये स्थापन झालेला ‘देल आर्नो बँड’. योवान मातिच यांचा आवाज, सर्बियन भाषेतले शब्द आणि घाई न करणारी लय हे त्यांचे वैशिष्ट्य. त्यांची पहिली कॅसेट १९८९ मध्ये निघाली, नंतरचा ‘रेगेनेरात्सिया’ हा अल्बम १९९५ मध्ये आणि ‘व्रेमे वोदे’ २००६ मध्ये. सालांमधली ही अंतरे पाहिली तर बँड आळशी होता असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात त्या मधल्या वर्षांत देश फुटला, युद्धे झाली, संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये महागाई एवढी भडकली की पाचशे अब्ज दिनारची नोट छापावी लागली. अशा काळात बँड टिकून राहिला, हेच मला मोठे वाटते.

आणि याच काळात रेगे फोफावला, ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय तिथला एकही कार्यक्रम नीट कळत नाही. परदेशी बँड येत नव्हते, परदेशी जाता येत नव्हते, खिशात पैसा नव्हता, पण विद्यार्थ्यांचे क्लब चालू होते. दडपशाहीविषयी, उपाशी पोटाविषयी आणि सुटकेच्या आशेविषयी बोलणारे संगीत त्या खोल्यांत उसने वाटले नाही. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘कांदा, कोजा इ नेबोइशा’ या बँडने ओलिव्हर नेक्टारियेविच यांच्या गायकीभोवती रेगे, फंक आणि रॉक यांची मोट बांधली. ‘डार्कवूड डब’ने नावातच डब घेतला आणि पुढे तो इलेक्ट्रॉनिक ध्वनीकडे नेला. सर्वांत धाडसी पाऊल मात्र १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयझबर्न’चे. त्यांचे नेमान्या कोयिच हे गातात, गिटार वाजवतात आणि ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्यही वाजवतात. हार्डकोरच्या, म्हणजे पंकच्या अधिक आक्रमक प्रकाराच्या, कानठळ्या बसवणाऱ्या गिटारींमधून एकदम संथ रेगे उमलतो आणि त्यावर ट्रॉम्बोन येतो, ही त्यांची खूण. २००४ मध्ये मॅक्स कॅव्हालेरा यांच्या ‘सोलफ्लाय’ या मेटल बँडच्या अल्बमवर आयझबर्नचा सहभाग होता, म्हणजे बेलग्रेडच्या तळघरातला हा प्रयोग जगभरच्या मेटल श्रोत्यांपर्यंत पोचला. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘सार्स’ या बँडपर्यंत येता येता तर रेगेचा ठेका लोकसंगीताच्या चालींत मिसळून घरोघरी ऐकू येऊ लागला. म्हणून मागून जाणाऱ्यांनी केवळ ‘रेगे’ अशी पाटी शोधत फिरू नये, तर वादकांचा माग काढावा. एकच ट्रॉम्बोनवादक या आठवड्यात रेगे बँडमध्ये आणि पुढच्या आठवड्यात फंक बँडमध्ये दिसू शकतो.

मी ऐकलेला सर्वांत चांगला कार्यक्रम एका तरुण, अजून फारशा नावारूपाला न आलेल्या बँडचा होता. छत बुटके, भिंती काळ्या, आणि मंच जेमतेम गुडघ्याएवढा उंच. रेगेच्या मूळ ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर जोर दिला जातो. आपला कान जिथे समेची वाट पाहतो, तिथे ढोल गप्प राहतो, आणि गिटार दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत खणखणते. त्या बँडचा ड्रमर ती मोकळी जागा इतक्या निश्चिंतपणे सोडत होता की सगळी खोली एकदमच खाली वाकून वर येत होती. दोन गाण्यांच्या मध्ये ट्रॉम्बोनवादकाने नळीत साचलेले पाणी पायाशी घडी करून ठेवलेल्या टॉवेलवर काढून टाकले आणि लगेच वाद्य ओठांना लावले. खरी कमाल मात्र मागे बसलेल्या ध्वनितंत्रज्ञाची होती. त्याचा उजवा हात एका बटणावरून हलत नव्हता. ठराविक ठोका आला की तो बटण पिळायचा, स्नेअर ड्रमचा तेवढाच एक आवाज प्रतिध्वनीत फेकला जायचा आणि तो विरेपर्यंत बाकीची वाद्ये त्याला वाट करून द्यायची. डब म्हणजे काय, हे मला पुस्तकांतून कळले नव्हते ते तिथे कळले. तेव्हा मंचाजवळ गर्दी करण्यापेक्षा ध्वनितंत्रज्ञाच्या टेबलाशेजारी उभे राहा; तिथे आवाज सर्वांत समतोल असतो.

सर्बियन बँडमधली फुंकवाद्ये इतकी भरदार का, यावर माझे एक अनुमान आहे. लग्नापासून अंत्ययात्रेपर्यंत ब्रास बँड वाजवणारा हा देश आहे आणि गुचा या गावी १९६१ पासून ट्रंपेटवादकांचा महोत्सव भरतो. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला ट्रॉम्बोन ही शोभेची वस्तू वाटत नाही.

जागांविषयी. क्राल्या मिलाना रस्त्यावरचे विद्यार्थी सांस्कृतिक केंद्र, माकेदोन्स्का रस्त्यावरचे ‘दोम ओमलादिने’, अभियांत्रिकी विद्याशाखांच्या इमारतीतला ‘का एस ते’ हा विद्यार्थ्यांचा क्लब आणि त्सेतिन्स्का १५ या पत्त्यावरच्या जुन्या बिअर कारखान्याच्या आवारातले छोटे क्लब, एवढ्या ठिकाणांवर नजर ठेवली तरी पुरते. तारखा बँडच्या इन्स्टाग्राम पानांवर आधी आणि इतरत्र नंतर येतात. जाहिरातीत नऊची वेळ असली तरी साडेदहाच्या आत क्वचितच सुरुवात होते. तेव्हा संध्याकाळी झोप काढून जावे. क्लबमध्ये सर्रास धूम्रपान चालते, दमा असेल त्याने याचा गांभीर्याने विचार करावा. कानात घालायचे बोळे न्यावेत. आणि एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो: रेगेच्या मैफलीत काय चालते याविषयी कोणाच्याही काहीही कल्पना असोत, सर्बियात गांजा बेकायदा आहे आणि परदेशी पाहुण्याला त्यात सूट नाही.

नोवी साद हे दुसरे शहर वगळू नये. तेव्हाचे सत्ताधीश स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीविरुद्धच्या विद्यार्थी चळवळीतून २००० मध्ये ‘एक्झिट’ महोत्सव तिथे उभा राहिला, पुढच्या वर्षी तो डॅन्यूबकाठच्या पेत्रोवारादिन किल्ल्यात गेला आणि तिथल्या रेगेच्या स्वतंत्र मंचाने नव्या श्रोत्यांची एक पिढी घडवली. आयोजकांनी २०२५ ची आवृत्ती ही सर्बियातली शेवटची असल्याचे जाहीर केले, त्यामुळे जुनी प्रवासवर्णने वाचून जुलैचे बेत आखू नयेत. बेलग्रेडहून ‘सोको’ ही वेगवान गाडी चाळीस मिनिटांच्या आत पोचवते. मात्र १ नोव्हेंबर २०२४ रोजी नोवी साद स्थानकाचे छत कोसळून सोळा जणांचा बळी गेला, त्यानंतर गाड्यांच्या थांब्यांत बदल झाले; तिकीट काढताना गाडी नोवी सादला थांबते की नदीपलीकडच्या पेत्रोवारादिनला, हे तपासून घ्यावे.

कागदपत्रांचे म्हणाल तर १ जानेवारी २०२३ पासून साध्या भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय प्रवेश मिळत नाही. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांना मात्र सवलत आहे. निघण्यापूर्वी दूतावासाकडे चौकशी करावी. पोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती करते, पण कोणाच्या घरी उतरलात तर यजमानाला आठवण करावी. बेलग्रेडमधली शहर बससेवा २०२५ च्या सुरुवातीपासून मोफत आहे आणि विमानतळावरून मध्यवर्ती भागात येणारी ७२ क्रमांकाची बसही त्यात येते. शाकाहारी मंडळींनी हॉटेलात ‘पोस्नो’ म्हणजे उपासाचे पदार्थ मागावेत. त्यात दूध-अंडी नसतात, पण मासे असू शकतात, म्हणून पुन्हा विचारावे. भट्टीत भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याचा ‘प्रेब्रानात्स’ ज्वारीच्या भाकरीबरोबरही शोभला असता.

निघण्यापूर्वी देल आर्नोचा १९९५ चा अल्बम आणि आयझबर्नची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे ऐकून जावीत, म्हणजे क्लबमध्ये जुन्या गाण्याची पहिली ओळ वाजताच श्रोते का ओरडतात ते कळेल. कार्यक्रम संपला की वादक स्वतःच टेबलावर सीडी, रेकॉर्ड आणि टी-शर्ट मांडतात. तिथे रोख दिनार लागतात आणि दिनार भारतात बदलून मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या रात्रीसाठी थोडी रोकड मुद्दाम राखून ठेवावी.