चौकटी कंसातले तीन बिंदू

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचे निमंत्रण हाती पडले आणि मन थेट शनिवारच्या जादा तासाला, जिन्याशेजारच्या वर्गात जाऊन बसले. आमच्या गणिताच्या सरांचे ऋण मान्य करायला याहून योग्य जागा मला सापडणार नाही.

दहावीत असताना सरांनी पॅपसचे प्रमेय फळ्यावर काढले होते. दोन रेषांवर तीन-तीन बिंदू, ते आडवेतिडवे जोडल्यावर मिळणारे तीन छेदनबिंदू, आणि तेही एकरेषीय! मी निर्देशक घेऊन वहीची चार पाने भरली, तरी शेवट हाती लागेना. सरांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, "यात बिंदू कुठे दिसतात रे तुला?" मग त्यांनी चौकटी कंसात फक्त नावे लिहिली, [अबक]. हा त्या तीन बिंदूंचा निश्चयक, म्हणजे त्यांच्या निर्देशकांवरून ठरणारी एक संख्या; तो शून्य असेल तर तिघे एका रेषेत, आणि मग कोणतेही आणखी दोन बिंदू ड, इ घेतले तरी [अबड][अकइ] = [अबइ][अकड]. पॅपसच्या आकृतीतील आठ रेषांची अशी आठ समीकरणे नीट निवडून एकाखाली एक मांडायची, डाव्या बाजूंचा आणि उजव्या बाजूंचा गुणाकार करायचा, दोन्हीकडचे समान कंस छाटायचे, की नवव्या, म्हणजे त्या तीन छेदनबिंदूंच्या रेषेचे समीकरण उरते.

मी भराभर छाटू लागलो, तेव्हा सरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. "ज्याने भागतोस तो शून्य नाही, हे कशावरून?" त्या संध्याकाळी शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात येईपर्यंत आम्ही एकेक कंस आकृतीशी ताडून पाहत होतो.

या बीजगणिताचा पाया १८४४ साली ग्रंथरूपाने घालणारे ग्रासमन हे तेव्हाच्या प्रशियातील श्टेटिन शहराचे शाळामास्तर, हे सर अभिमानाने सांगत. त्या ग्रंथाची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे त्याच ग्रासमन यांनी ऋग्वेदाचा कोश रचला. भांडारकर संस्थेवरून जाताना मला आजही हे आठवते.

मी आता पदव्युत्तर वर्गाला प्रक्षेपी भूमिती, म्हणजे लांबी-कोन न मोजता बिंदू-रेषांच्या छेदांचा विचार करणारी भूमिती, शिकवतो. विद्यार्थी संगणकाकडून निर्देशकांचा विस्तार करवून क्षणात शून्य मिळवतात, पण कोणत्या रेषेमुळे ते शून्य आले, हे त्यांना सांगता येत नाही. आपल्या शाळेतले लांब काळे फळे गेल्याचे कळले, तेव्हा वाईट वाटले. पडद्यावरचे पान पुढे सरकते, आणि आठ समीकरणे एकत्र डोळ्यांसमोर राहत नाहीत. माझ्या वर्गातला फळा मी हट्टाने टिकवला आहे. दरवर्षी त्यावर पॅपसची आकृती काढतो, आठही समीकरणे लिहितो आणि कंस छाटण्यासाठी खडू पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याच्या हाती देतो.